इडा क्विस्टला कुणी विचारलंच नाही

या, बसा. तो हीटर जरा इकडे ओढा. हा रेल्वे डेपो, म्हणजे आपलं संग्रहालय, शंभर वर्षांचा झालाय, फटीफटीतून वारा येतो. आणि ते मोबाईल खिशात घाला. सात थांबे तुमचे पाठ झालेत ते मला माहीत आहे. उद्या रात्री कंदील घेऊन पाहुण्यांना गावभर फिरवाल, इतिहास सांगाल, शाबास. पण मघाशी कोण म्हणालं, की चौथ्या थांब्याचं पान कोरं आहे, छापायचं राहिलंय? तूच ना गं, लाल टोपीवाली? राहिलेलं नाही ते. छापायचंच नाही असं ठरलंय. अंधार पडला की सांगतो म्हटलं होतं, आता पडलाय.

माझ्या ओळखीच्या माणसाचं आहे हे. डेल्मर हॉफस्टाड. अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली त्यानं आणि उरलेल्या वेळात हे संग्रहालय सांभाळलं. सरळ माणूस. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खाली बघत. मीही खाली बघत ऐकलं. का, ते कळेलच.

तर दोन हजार सोळा साल. ऑक्टोबरची चौदा तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी होमकमिंग, म्हणजे कॉलेजचे जुने विद्यार्थी गावात उतरलेले, मोटेलात जागा नाही. आभाळ स्वच्छ, पौर्णिमेला दोन दिवस कमी. गावाबाहेर मक्याची कापणी चाललेली, यंत्रांचा आवाज इथपर्यंत येत होता. साडेनऊला फेरी संपली. लोक पांगले. डेल्मरचं एकच काम राहिलं होतं, सात थांब्यांवर ठेवलेले सात कंदील गोळा करून डेपोत आणून ठेवायचे. रोजचं काम. शेवटच्या थांब्यापासून उलटं यायचं, म्हणजे घर जवळ पडतं.

पण त्याआधी मागचं थोडं सांगायला हवं.

आपल्या लिंडग्रोव्हमध्ये बघण्यासारखं आहे काय, तुम्हीच सांगा. कॉलेजचं घंटाघर. अठराशे छप्पन्नला अकरा पाद्री बैलगाड्यांतून आले ते घंटा घेऊन आले. घंटा आधी टांगली आणि छप्पर नंतर घातलं, असली शहाणी माणसं. मग ते ऑपेरा हाऊस, जिथे ऑपेरा कधीच झाला नाही. रंगीत काचांची बँक. दगडखाणीचा तलाव. आणि मका. मका बघायला तिकीट नाही. दोन हजार नऊला डेल्मरनं ही कंदील-फेरी सुरू केली, तेव्हा मुख्य रस्त्यावरची दुकानं एकेक करून बंद पडत होती. गावात चार माणसं यावीत, कॉफी प्यावी, एवढीच बिचाऱ्याची इच्छा. पहिल्या आठवड्यात त्यानं अगदी खरा इतिहास सांगितला, सनावळ्यांसकट. लोक जांभया द्यायला लागले. एका बाईनं तिसऱ्या थांब्यावर हात वर केला. डेल्मर खूश झाला, म्हटलं चला, कुणालातरी काही विचारायचंय. तिनं विचारलं, बाथरूम कुठे आहे?

हसा, हसा. तोही हसला. पण घरी जाऊन त्यानं जुनी वर्तमानपत्रं काढली. एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या ऑक्टोबरच्या अंकात दोन ओळी सापडल्या. "टेलिफोन एक्स्चेंजमधील ऑपरेटर मिस इडा क्विस्ट, वय तेवीस, हिचे होमकमिंगनंतर रविवारी पहाटे अचानक निधन झाले." एवढंच. अचानक. त्या एका शब्दावर त्यानं सगळा इमला रचला. एक्स्चेंज होतं बँकेच्या वरच्या मजल्यावर, तोच आपला चौथा थांबा, खिडकी रस्त्यावर उघडणारी. ग्रीक शिकवणारा लग्न झालेला प्राध्यापक आणला. चोरटे फोन आणले. होमकमिंगच्या रात्री तो बायकोबरोबर नाचतोय आणि वर इडा एकटी... आणि मग टेलिफोनची दोरी. आजही त्या खिडकीत ती दिसते, वगैरे वगैरे. पुढचं वर्ष उजाडलं तर थेट डेस मॉइन्स शहरातून गाड्या भरून पाहुणे यायला लागले.

आणि खिडकीत ती दिसावी म्हणून पुठ्ठ्याचा बाहुला कापून, मानेत दोरी अडकवून, मागे दिवा लावून कुणी टांगला? मी. माझं हार्डवेअरचं दुकान, दोरी माझी, दिवा माझा, तो बरोब्बर दहाला विझवणारं घड्याळ माझं. सात वर्षं टांगला. लोक किंचाळायचे तेव्हा मी रस्त्यापलीकडे उभा राहून हसायचो. आता सांगताना कान गरम होतात माझे.

कारण इडाची बहीण गावातच होती, पोरांनो. मिस व्हर्ना क्विस्ट. दुसरीची बाई. अडतीस वर्षं शिकवलं तिनं, निम्म्या गावाला, मला आणि डेल्मरलाही. लग्न केलं नाही. डेल्मरच्या घरापासून तिसरं घर, पांढरं, तिसऱ्या गल्लीत. डेल्मरला सनावळ्या सापडल्या, प्राध्यापक सापडला, पण साठ पावलं चालून जाऊन, "मिस क्विस्ट, तुमच्या बहिणीला काय झालं होतं हो?" एवढं विचारणं झालं नाही. का? बरं दिसत नाही म्हणून! आपल्या गावची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तरी आपण म्हणतो, आज जरा उबदार वाटतंय, नाही?

पहिल्याच वर्षी मिस क्विस्ट फेरीला आली. निळा कोट, पर्स दोन्ही हातांनी धरलेली. चौथ्या थांब्यावर सगळं ऐकलं. वर खिडकीकडे बघितलं. फेरी संपल्यावर डेल्मरजवळ आली आणि म्हणाली, "वेगळंच होतं हं, डेल्मर."

आता तुमच्यात काही बाहेरगावची पोरं असतील, त्यांना सांगतो. आपल्याकडे शिवी देत नाहीत. फारच झालं तर म्हणतात, वेगळंच आहे. त्यापलीकडे शब्द नाही. डेल्मर इथेच जन्मला, इथेच वाढला. त्याला कळलं. पण त्यानं ते कौतुक आहे असं धरलं आणि म्हणाला, "थँक यू, मिस क्विस्ट."

मग कॉलेजची पोरं इडाच्या थडग्यावर जायला लागली. दगडावर लिपस्टिकचे ओठ उमटवायचे. प्राध्यापकाला चिठ्ठ्या. दोरीचे फास. दर रविवारी प्रार्थनेनंतर ही म्हातारी बादली नि ब्रश घेऊन दगड घासत बसलेली. डेल्मर गाडीतून जाताना काच खाली करायचा. "हवा छान आहे, मिस क्विस्ट." ती गुडघ्यांवर बसल्या बसल्या म्हणायची, "हो, छान आहे, डेल्मर." आणि हा काच वर करून पुढे. सात वर्षं!

हं. आता त्या रात्रीकडे येऊ.

डेल्मर बस चालवणारा. माणसं मोजायची सवय हाडात मुरलेली. चढताना मोजायचं, उतरताना मोजायचं, एखादं पोर मागे राहायला नको. फेरीतही मोजायचा. त्या रात्री निघताना बावीस होते. चौथ्या थांब्यानंतर त्यानं मोजले, तेवीस. असेल कुणी वाटेत सामील झालेलं. पाचव्याला तेवीस. सातव्याला तेवीस. सगळ्यांच्या मागे एक तरुण बाई होती, गडद लोकरी कोट, डोक्याला रुमाल बांधलेला. जुन्या पद्धतीचे कपडे. होमकमिंगला पोरी आजीचे कपडे घालून फिरतातच, म्हणून त्याला काही वाटलं नाही.

सातव्या थांब्याचा कंदील त्यानं उचलला. सहाव्याचा उचलला. पाचव्याच्या वेळी मागे वळला तर ती उभी.

"माफ करा हं," ती म्हणाली. "तुमची घाई आहे का?"

"छे, घाई कसली."

"मी मागे होते ना, मला चौथ्या थांब्यावरचं नीट ऐकू आलं नाही. त्रास नसेल तर... पण राहू दे, तुम्ही दमला असाल."

"त्रास कसला त्यात! मी तिकडेच चाललोय."

निघाले दोघं. ती जरा वाकून चालत होती. उजवा हात कोटाच्या आत, पोटाच्या उजव्या अंगाला घट्ट दाबलेला. तोंडावर घाम, एवढ्या थंडीत. डेल्मरच्या मनात आलं, बाई, दुखतंय का काही? डॉक्टरला फोन करू का? जिभेवर आलं होतं त्याच्या. पण अनोळखी बाईमाणसाला असं कसं विचारायचं? म्हणाला, "यंदा मका चांगला आलाय."

"हो का," ती म्हणाली. "छान."

बँकेसमोर आले. रस्त्यावर कुणी नाही. वर खिडकीत दिवा जळतोय आणि माझा तो बाहुला वाऱ्यानं हळूहळू फिरतोय. ती मान वर करून बघत राहिली. बराच वेळ.

"ती कोण?"

"ती इडा."

"हो का." मग हसली जराशी, पाहुण्यांच्या घरी हसतात तशी. "सांगा ना."

डेल्मरनं घसा साफ केला. सात वर्षं हेच बोललेला माणूस. झोपेतही म्हणून दाखवेल. पण एकाच माणसासमोर, ते माणूस तोंडाकडे बघत असताना, ते काही जमेना.

"इडा क्विस्ट. इथली ऑपरेटर. तेवीस वर्षांची होती... फार देखणी."

"अय्या, हो का?"

"तिचं एका प्राध्यापकावर प्रेम होतं. लग्न झालेला होता तो."

"अरे देवा. नाव काय त्यांचं?"

सात वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "नाव... नाव काही सापडलं नाही."

"बरं, बरं. मग?"

"रात्री पाळीवर असली की ती त्याला फोन जोडायची."

"मग?"

"मग होमकमिंग आलं. अठ्ठेचाळीस सालचं. सगळं गाव नाचाला गेलेलं..."

"ते मात्र खरं आहे," ती म्हणाली. "सगळे गेले होते. फार चांगला बँड होता."

डेल्मरच्या हातातले कंदील एकमेकांवर आपटले. त्यानं ते खाली ठेवले. तिचा हात अजून कोटाच्या आतच होता. ती किंचित पुढे वाकली. वाट बघत होती.

"मग?"

डेल्मरनं खालचे कंदील एका रांगेत लावले.

"सांगा ना. मग?"

घंटाघरात दहाचे ठोके पडायला लागले. एक. दोन. तीन. डेल्मर मोजत राहिला. सवय. नऊ. दहा. वरचा दिवा विझला. खिडकी काळी झाली. बाहुला दिसेनासा झाला. आणि त्या अंधारात ती अगदी हळू, अगदी सभ्यपणे म्हणाली...

"मग मी काय केलं?"

...

नाही, हसू नका आता. गप्प बसा जरा.

डेल्मर म्हणाला, भीती वाटली असती तर बरं झालं असतं. पळालो असतो. भीती नव्हती ती. दुसरीत असताना त्यानं एका पोराची पेन्सिल चोरली होती आणि मिस क्विस्टनं काही न बोलता नुसतं त्याच्याकडे बघितलं होतं, तसं झालं. तळपायापासून डोक्यापर्यंत लाज. वर बघवेना.

"मला... माहीत नाही," तो म्हणाला.

त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"मी बनवलं ते. सगळंच. तो प्राध्यापक वगैरे कुणी नाही. लोक यावेत म्हणून..."

"हो का," ती म्हणाली. रागानं नाही हं. राग असता तर! "असू दे. वाईट वाटून घेऊ नका."

तो मान खाली घालून उभा. कंदिलाच्या उजेडात त्याला स्वतःचे बूट दिसत होते. तिचे... तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"व्हर्ना जागी असेल," ती म्हणाली. "या दिवसांत झोप येत नाही तिला. तिला कुणी कधी विचारलंच नाही हो. आणि मलाही."

मग थोडं थांबून, "बरं तर. फार वेळ घेतला तुमचा."

डेल्मरनं मान वर केली. रस्ता रिकामा. टपाल कचेरीपासून धान्याच्या कोठारापर्यंत, चांदण्यात लख्ख. कुठे वळायला जागा नाही. पावलांचा आवाज नाही.

तो किती वेळ उभा होता त्याला माहीत नाही. कंदील तिथेच ठेवून तो तिसऱ्या गल्लीकडे निघाला. स्वतःच्या घरावरून गेला, दिवा दिसला, थांबला नाही. मला म्हणाला, आत शिरलो असतो तर पुन्हा सात वर्षं बाहेर पडलो नसतो.

मिस क्विस्टच्या स्वयंपाकघरात उजेड होता. त्यानं दार वाजवलं. साडेदहाला! आपल्या गावात साडेदहाला दार वाजलं तर कुणीतरी मेलेलं असतं. सत्त्याऐंशी वर्षांची ती, झोपायच्या झग्यावर स्वेटर घालून आली. जाळीचं दार उघडलं.

"डेल्मर? ये, आत ये."

तो आत गेला. ती मात्र दार धरून तशीच उभी राहिली. बाहेर पायरीकडे बघत. एका माणसाला आत यायला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ. मग दार लोटलं, कडी घातली आणि म्हणाली, "कॉफी ठेवते."

दुपारी चर्चच्या बायका येऊन गेल्या होत्या. टेबलावर मधोमध बशी, त्यात खजुराची एकच वडी उरलेली. एकच उरलेली म्हणजे ती कुणी खाणार नाही. शेवटचा तुकडा आपल्यात कुणी उचलतं का? मेलो तरी नाही. फार तर सुरीनं अर्धा करायचा आणि अर्धा दुसऱ्याला ठेवायचा. "घे ना," ती म्हणाली. "नको, नको, जेवलोय," डेल्मर म्हणाला. झालं ते.

तो बसला नाही. टोपी दोन्ही हातांत धरून, एकसष्ट वर्षांचा घोडा, दुसरीतलं पोर फळ्यासमोर उभं राहतं तसा उभा राहिला.

"मिस क्विस्ट, मी सात वर्षं खोटं बोललो. तुमच्या बहिणीबद्दल. गावासमोर. तुम्ही दगड घासायचात आणि मी हवेच्या गोष्टी करायचो. मला लाज वाटते. आणि एक विचारायचंय. फार उशीर झालाय विचारायला, पण विचारतो. इडाला काय झालं होतं?"

कॉफी उकळून वर आली, गॅसवर सांडली, तरी मिस क्विस्ट हलली नाही. मग तिनं गॅस बंद केला, डेल्मरला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बसली.

"तिचं पोट दुखत होतं," ती म्हणाली.

मग हळूहळू बोलायला लागली.

"गुरुवारपासून दुखत होतं. इथे, उजव्या बाजूला. शनिवारी होमकमिंग, दुसऱ्या दोन्ही मुलींना नाचाला जायचं होतं. ही म्हणाली, मी बसते तुमच्या पाळीवर, मला काही नाही. रात्री मी डबा घेऊन वर गेले. नाचाचा झगा घालून गेले होते मी. ती फोन जोडत होती. घामानं निथळत होती रे. एका हातानं तारा लावत होती, दुसरा हात इथे दाबलेला. डॉक्टरांच्या घरी त्या रात्री तिनं चार लोकांचे फोन जोडून दिले. कुणाचा घसा, कुणाचं बाळ. स्वतःसाठी एक नाही. डॉक्टरांकडे पाहुणे आहेत, म्हणाली. त्रास कशाला?"

"मिस क्विस्ट..."

"थांब. मी तिला विचारलं नाही, डेल्मर. मला दिसत होतं. मी विचारलं, काय गं, बरी आहेस ना? असं विचारलं, म्हणजे ती हो म्हणणार. ती म्हणाली, हो, बरी आहे, जा तू, उशीर होईल. आणि मी गेले. मी नाचले. पहाटे अपेंडिक्स फुटून ती गेली."

बाहेर वारा होता. जाळीचं दार हलत होतं, कडी होती म्हणून बरं.

"आईला सांगितलं नाही मी कधी, की मी वर जाऊन आले होते. कुणाला नाही. मग तू ती गोष्ट सांगायला लागलास. पहिल्या दिवशी मला वाटलं, तुझं थोबाड फोडावं." मिस क्विस्ट असं म्हणाली! दुसरीची बाई! "घरी आले, रडले. पण मग... तुझ्या गोष्टीत तो प्राध्यापक होता ना. सगळं त्याच्यामुळे झालं होतं. तुझ्या गोष्टीत मी कुठेच नव्हते. मला बरं वाटायला लागलं, डेल्मर. बहिणीच्या गळ्यात दोरी टांगलेली बघून मला हलकं वाटायचं. म्हणून मी गप्प बसले. तुझ्यापेक्षा माझी लाज मोठी आहे. तो दगड मी तुझ्या पोरांची लिपस्टिक पुसायला घासत नव्हते रे."

डेल्मर म्हणाला, "तुम्ही एकोणीस वर्षांच्या होतात."

"हो," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांच्या मुलीला विचारता येतं."

आता ऐका, चौथ्या थांब्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्मर माझ्या दुकानात आला आणि मला हे सांगितलं. मी शिडी घेतली, बाहुला काढला, मागच्या अंगणात जाळला. त्याच रात्री फेरीत डेल्मरनं सगळ्यांसमोर कबूल केलं की आजवर सांगितलं ते खोटं होतं. मिस क्विस्ट निळा कोट घालून पहिल्या रांगेत उभी होती. तिनं एकच अट घातली. खरं ते छापू नका. छापलं की लोक वाचतात आणि पुढे जातात. तुम्ही तिथे थांबा, एवढंच म्हणा की इथे इडा क्विस्ट काम करायची, आणि गप्प उभे राहा. कुणी विचारलं, तर सांगा. माझ्यासकट सगळं सांगा. नाही विचारलं तर पुढे चला. ती गेली दोन हजार एकोणीसला, पण नियम तोच. म्हणून तुमचं पान कोरं आहे. उद्या तिथे उभे राहाल तेव्हा ते गप्प राहणं जड जाईल. जाऊ दे जड.

पण त्या रात्रीचं एक राहिलं.

बोलून झाल्यावर मिस क्विस्टला रडू आवरेना. डेल्मरलाही. आणि आपल्यात रडायचं झालं की काय करतात? भांडी घासतात. ती उठून सिंकपाशी गेली, दुपारचे कप धुवायला लागली. डेल्मरनं फडकं घेतलं, पुसायला लागला. दोघांची पाठ टेबलाकडे. नळाचं पाणी चालू. पाचएक मिनिटं असतील.

मग तिनं नळ बंद केला. शांत झालं. डेल्मर फडकं वाळत घालायला वळला.

आणि थांबला.

"मिस क्विस्ट..."

ती वळली. दोघं बघत राहिले.

बशीतली वडी अर्धी होती. सुरीनं कापलेली, कड अगदी सरळ. एक चुराही सांडला नव्हता. सुरी बाजूला नीट ठेवलेली.

"तू?" ती म्हणाली.

"नाही. तुम्ही?"

"नाही."

दाराची कडी तशीच होती. मागचं दारही बंद. मिस क्विस्टनं स्वेटर अंगाभोवती ओढून घेतला आणि पुन्हा बशीकडे बघितलं. मघाशी बशी टेबलाच्या मधोमध होती. आता ती डेल्मरच्या खुर्चीसमोर सरकवून ठेवलेली होती.